दोन फायटर

शिवहार नांदेडच्या दवाखान्यात होता ते तीन महिने गंगासागरनं त्याची माशांची टाकी जिवापाड सांभाळली. शाळेच्या आधी पाणी बदलायचं, गुरांच्या हौदातल्या डासांच्या अळ्या गाळून काळ्या आणि लाल अशा दोन्ही फायटर माशांना चारायच्या, आणि दोघांच्या मधली काच तसूभरही हलू द्यायची नाही.

घरी आल्या आल्या त्या टक्कल पडलेल्या नऊ वर्षांच्या पोरानं फर्मान सोडलं, “अक्का, मधली काच काढ. एक मी, एक माझा आजार. बघू कोण मरतंय.”

“काहून रे? फाडून खातील एकमेकाला!”

“मला तेच बघायचंय.”

तिनं काच उचलली. काळ्यानं लालवर अशी झेप घेतली की पहिल्याच झटक्यात त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. दुसऱ्यात डोळा गेला. लाल उलटा होऊन तरंगला तरी काळा त्याचं पोट तोडतच होता. शिवहार गादीवर मुठी आपटत किंचाळत होता. गंगासागरला पाण्यात मासा दिसेनाच, आपला भाऊच फाटताना दिसला. तिनं टाकीत हात घातला, काळ्याला फरशीवर आपटलं आणि लगदा होईस्तोवर टाचेखाली रगडलं.

“घे! मेला तुझा आजार!”

शिवहारच्या मुठी हवेतच राहिल्या.

“काळा तर मी व्हतो, अक्का. डाक्टर म्हणले ना, आजार रक्तात हाय. लाल आजार व्हता. मी जिंकलो व्हतो.”