वरचा सा

"फुटका वाजतो गं," म्हणत राजरत्नने आणखी एक वाटी परत केली. त्याच्या जलतरंगाचा जुना संच विकास नगरच्या घरात सामान हलवताना फुटला, तेव्हापासून रुचिरा त्याच्यासाठी चिनी मातीच्या वाट्या घडवत होती. बाकीच्या सगळ्या जमल्या. सगळ्यांत लहान, वरच्या साची वाटी तेवढी जमेना. तिच्यापायी रुचिराने हजरतगंजमधलं स्वतःचं प्रदर्शनही सोडलं. त्याने नाकारलेली प्रत्येक वाटी ती गच्चीवर नेऊन फोडायची. नवरा सुरांतला माणूस, तेव्हा खोट आपल्याच हातात असणार.

आज भट्टीतून दोन वाट्या निघाल्या. एकीला केसाएवढी चीर गेलेली. रुचिराने सवयीने बोटाच्या पेराने वाजवून पाहिली, तर नुसता भद्द आवाज. फेकायची म्हणून ती बाजूला ठेवून रुचिरा हात धुवायला गेली.

परत आली तर राजरत्न तीच वाटी पाण्याने भरून, डोळे मिटून, काडीने वाजवत होता. भद्द. भद्द. चिरेतून पाणी झिरपून पाटावर उतरत होतं.

"अच्छा, म्हणजे मन लावलंस की येतं तुला," तो म्हणाला. "ऐक, कसा घुमतोय. रविवारच्या मैफलीत हीच."

रुचिराने दुसरी, अख्खी वाटी त्याच्या पाठीमागे धरली आणि हलकेच वाजवली. वरचा सा खोलीभर लखलखत राहिला.

राजरत्नचं तोंड कसनुसं झालं.

"ती फोडून टाक," तो म्हणाला.