पाहुण्याची गादी

डोंगरातल्या त्या गावात पाळीच्या दिवसांत मुली शाळा बुडवायच्या. म्हणून आयझिरेकने हिवाळाभर शहरातल्या मैत्रिणींना गोळा करून निळ्या फुलांच्या मऊ कापडाची, धुऊन वापरायची पॅड लाल दोऱ्याने शिवली होती. ती वाटायचं काम गावातल्या कुलनारताईने अंगावर घेतलं, तेही रोटीवर हात ठेवून. रोटीची शपथ कोण मोडतं?

बर्फ वितळल्यावर आयझिरेक पुन्हा गावात आली.

"मिळाली ना ताई सगळ्यांना?"

"अगं, दुवा देतात पोरी तुला," चहा ओतत कुलनारताई म्हणाली. "आता एकही घरी बसत नाही."

आयझिरेकचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ताईची धाकटी मुलगी नुरिला आतून गादी घेऊन आली. शाळा सुटायला अजून बराच वेळ होता.

"ती नको गं. ती थोरलीच्या लग्नात द्यायची आहे," ताई घाईने म्हणाली. "जुनी आण."

"पाहुण्याला घरातली सगळ्यात नवी गादी द्यायची, हे तूच शिकवलंस ना, आई?" नुरिलाने गादी अंथरली, हाताने सारखी केली. "बसा, ताई."

बसताना आयझिरेकने हात टेकला. चौकोनी तुकडे जोडून केलेली देखणी गादी होती. निळी फुलं, आणि तुकड्यातुकड्याच्या कडेला तिचाच लाल दोऱ्याचा वाकडातिकडा धावदोरा.

कुलनारताईने रोटी मोडली आणि रीतीप्रमाणे पहिला तुकडा तिच्यापुढे धरला.