पाटाच्या पलीकडची काकडी

आबांनी नातीच्या तोंडात बोट घालून काकडीचा चावलेला लगदा बाहेर काढला. तिच्या हातात उरलेली काकडी हिसकावून लांब भिरकावली. पोरगी आधी दचकली, मग तिनं भोकाड पसरलं. ते आबांना ऐकूच आलं नाही. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. नात पाटाच्या पलीकडे, बाजारात विकायच्या काकडीच्या मांडवाखाली फतकल मारून बसली होती, आणि त्या मांडवावर आबांनी सकाळीच स्वतःच्या हातानं औषध फवारलं होतं.

पाटाच्या अलीकडे घरची काकडी, पलीकडे बाजारची. अलीकडची बाग सुनेनं लावलेली, ही नात पोटात असताना. शेणखत, कुजवलेला पाचोळा, कडुनिंबाचा अर्क, बस्स. आबा तेव्हा पोट धरून हसले होते. शेती करतेस की भातुकली मांडलीस, असं त्यांनी विचारलंही होतं. पुढे अलीकडची माती भुसभुशीत झाली, कुदळ मारावी तिथे गांडूळ निघायला लागलं. पलीकडची मात्र घट्ट होत गेली. तिथे पाणी दिलं की दिवसभर तसंच साचून राहायचं, आणि औषधाचं प्रमाण दर हंगामाला चढतं. आबांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण पलीकडची काकडी छडीसारखी सरळ आणि टोपल्या भरभरून, अलीकडची वेडीवाकडी आणि जेमतेम निम्मी. घरापुरते हे लाड ठीक आहेत, जगाचं पोट लाडानं भरत नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सुनेनं वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं. जेवताना आबांच्या ताटात मात्र अलीकडचीच काकडी असायची. आणि नात बोलायला लागल्यापासून त्यांनी तिच्याकडून एक धडा रोज घोकून घेतला होता: इकडची आपली, तिकडची लोकांची.

सुनेनं पोरीला उचललं. आबांनी मोटरसायकल काढली. डॉक्टरांना दाखवायला औषधाची बाटली तेवढी त्यांनी आठवणीनं खिशात टाकली. रस्ताभर सून पोरीला हलवत होती, झोपू नकोस म्हणत होती. पोरगी हुंदके देत होती आणि आबा त्या हुंदक्यांवर जीव टांगून गाडी हाकत होते. मध्येच एखादा हुंदका लांबला की ते मान वळवून मागे बघायचे. माझं काय व्हायचं ते होऊ दे, हिला काही होऊ नको देऊ, एवढंच ते पुटपुटत राहिले. कुणाला म्हणत होते ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली, छाती तपासली. मग बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. फवारल्यावर आठवडाभर तोडायची नाही असं यावर लिहिलंय, त्या म्हणाल्या. आबांनी मान खाली घातली. काकडी कसली आठवडाभर थांबते? एक तोडा चुकला की मनगटाएवढी जाड होते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. औषध नाही मारलं तर माशी बसते. तेव्हा एक दिवसाआड तोडा, मध्ये फवारा, आणि माल बाजारात. सगळेच असं करतात.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं आणि कुठली काकडी खाल्लीस, असं हळूच विचारलं.

"आपली," ती म्हणाली. पलीकडे ती नुसती मांजरीचं पिल्लू बघायला गेली होती. खाऊ घरचाच नेला होता. तिनं झग्याच्या खिशातून देठाकडचा तुकडा काढला. तो वाकडा होता आणि त्यावर किडीचे ठिपके होते. आधी सांगणार कशी? आबांचं बोट तोंडात होतं, आणि मग रडू थांबत नव्हतं. तो तुकडा मुठीत धरून सून मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आबांच्याही जिवात जीव आला. काळजीचं काही नाही, पण पोर फवारलेल्या वेलाखाली बसली होती, तेव्हा हातपाय धुऊन थोडा वेळ बाहेर थांबा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. शेजारी तिचा मुलगा, नातीच्याच वयाचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला. पोरगा किरकिर करत होता. बाईनं पिशवीतून एक काकडी काढली, रुमालानं पुसली, मोडून अर्धी त्याच्या हातात दिली. काकडी सरळसोट होती, हिरवीगार, एक ठिपका नाही.

आबा त्या काकडीकडे बघत राहिले. काकडी त्यांची असेल, नसेलही. तिच्या अंगावर नाव थोडंच लिहिलेलं असतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिनंही ती काकडी पाहिली होती, पण ती पोरीचे केस नीट करत राहिली. इथे तोंड उघडलं तर संध्याकाळच्या आत बाजारात बोभाटा होईल आणि उद्यापासून आपल्या टोपलीला कुणी हात लावणार नाही, हे आबांना स्वच्छ दिसत होतं. गप्प उठून घरी जाता आलं असतं. पोरानं तोंड उघडलं.

आपण कधी उठलो ते आबांना कळलं नाही. त्यांनी त्या पोराचं मनगट धरलं होतं. ही चांगली नाही, खाऊ नकोस, असं ते म्हणत होते.

"अहो आजोबा, हे काय?" बाई चिडली. "सोडा त्याला. ताजी आहे ती, आजच घेतलीय. चांगली नाही हे तुम्हाला काय माहीत?"

दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. सुनेनंही मान वर केली. आबांनी ते मनगट सोडलं नाही.

"मी पिकवतो, बाई," ते म्हणाले. "आम्ही ती घरी खात नाही."