तळघरातली मोटर

मोटर पुन्हा चाललीच नव्हती. ईश्वरप्पा पँट गुडघ्यावर चढवून तळघरात उतरला, तेव्हा पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलं.

"काका, आवाज तरी केला का हिनं?"

"न्हाई बा," वरच्या पायरीवर बसलेले सटवाजी म्हणाले. "तू आधी च्या घे."

ईश्वरप्पाला हसावं की रडावं कळेना. नांदेडात त्यानं कितीतरी घरांत मोटरी बसवल्या होत्या, कुणाची तक्रार नव्हती. या घरात मात्र विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, गंगा (इथं गोदावरीला गंगाच म्हणतात) फुगली, की जमिनीतून पाझरून पाणी तळघरात यायचं आणि नेमकी तेव्हाच मोटर गप्प बसायची. पाणी ओसरल्यावर बघावं तर झकास चालायची. दुसरा कुणी असता तर त्यानं भर गल्लीत ईश्वरप्पाची इज्जत काढली असती. सटवाजी नुसता चहा पाजायचे.

पूर्वी या तळघरात हळदीची पोती असायची. आता ते रिकामंच होतं. कोपऱ्यात ईश्वरप्पानं खड्डा खोदून त्यात मोटर सोडली होती. मोटरीला वायरवर लोंबणारा एक फ्लोट होता. पाणी चढलं की तो तरंगत वर येतो आणि मोटर आपोआप सुरू होते. माणसानं हात लावायची गरज नाही. पाइप बाहेरच्या नालीत काढला होता. त्या वेळी सटवाजी बराच वेळ नालीकडे बघत उभे होते.

"नालीतच सोडावं लागंल का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

"मग काय, पाण्याला देवघरात ठेवता का काका?" ईश्वरप्पा म्हणाला होता.

आज त्यानं पाण्यात हात घालून खड्डा चाचपला. फ्लोटपाशी काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं तर हिरव्या लुगड्याची चिंधी.

"ही बघा. हिच्यात अडकला होता फ्लोट."

"आली असंल वाहून."

सटवाजींनी चिंधी घेतली, नीट पिळली आणि खांद्यावर वाळत टाकली. खाली मोटर घरघरली. पाणी उतरू लागलं तसे ते उठून आत गेले.

मोटर बसवायचं काम मुळात त्यांच्या लेकीनं, दीपालीनं सांगितलं होतं. ती लातूरला शाळेत शिकवायची. घराचा पाया भिजून एक भिंत तडकली होती. बाप एकटा. "यंदा पाणी शिरलं तर घराला कुलूप," असं तिनं बजावलं होतं. सटवाजी मात्र लातूरचं नाव काढलं की उठून चहा टाकायला जायचे.

श्रावण सरता सरता पुन्हा दरवाजे उघडले. दीपाली सकाळच्या एसटीनं आली आणि तिनंच ईश्वरप्पाला फोन करून बोलावलं.

"अप्पा, तुमची मोटर हाय का शोभेची कुंडी?" दारातच तिनं विचारलं. "आत डोकावून बघा. खालची पायरी बुडली."

"ताई, तुमच्या लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं. इथं घरपोच येऊन राहिलं, तर तुम्ही हाकलून राहिल्या."

दीपाली हसली नाही. खाटेवर बॅग उघडी होती आणि ती बापाची धोतरं घड्या करून भरत होती.

"बोलून काही उपयोग न्हाई त्यांच्याशी," ती हळू आवाजात म्हणाली. "आई दवाखान्यात 'मला घरी न्या, घरी न्या' म्हणत होती. डॉक्टर सोडेनात. शेवटी तिथूनच घाटावर न्यावं लागलं. तो घोर हाय त्यांना अजून. पण म्हणून पडक्या घरात कसं ठेवू?"

"आजच्या आज खोट काढतो, ताई. मग कशाला कुलूप लावता?"

"काढली तर ऱ्हाऊ द्या त्यांना इथं. न्हाई निघाली तर दुपारच्या गाडीनं नेते."

ईश्वरप्पा तळघराकडे गेला. सटवाजी कोरड्या पायरीवर बसले होते. शेजारी ताटलीत भाकरी, तांब्याभर पाणी.

"इथं बसून जेवता व्हय काका?"

ईश्वरप्पा पाण्यात उतरला आणि वाकून त्यानं फ्लोट चाचपला. पुन्हा तीच चिंधी. ओढली तर निघेना. त्यानं बोटं फिरवून बघितली. फ्लोट खाली पाइपाला बांधला होता, गाठीवर गाठ मारून.

त्यानं मान वर केली. सटवाजी त्याच्याकडेच बघत होते.

"सोडू नको," ते म्हणाले.

"सापडली का हो अप्पा खोट?" वरून दीपालीनं विचारलं.

ईश्वरप्पाचा हात गाठीवरच राहिला.

सटवाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. लांबून दारात आलेल्या माणसावरून ओवाळावा तसा त्यांनी तो पाण्यावरून ओवाळला आणि बाजूला टाकला. मग तांब्यातलं पाणी आपल्या डोळ्यांना लावलं.

"दीपालीची माय दवाखान्यातनं घरी आणायची ऱ्हाऊन गेली," ते म्हणाले. "राख गंगेत सोडली, तवापासून गंगा चढली की आपल्या पायानं येती. तिला नालीत ढकलू का अप्पा?"