मेथीचा वास

द्वारकाबाईंनी कोवळं पान चोळून नाकाशी धरलं. पानाचा आकार बघून तण उपटणाऱ्या खुरपणी यंत्राच्या नजरेतून सुटता सुटता पंधरा वर्षांत परसातल्या तणाने मेथीचं पान हुबेहूब उचललं होतं. यंत्र आता नुसतंच कोपऱ्यात उभं असायचं. वास मात्र तणाला जमला नव्हता, तेवढ्यावर द्वारकाबाईंची खुरपणी चालायची.

आज त्यांनी एकापाठोपाठ दहा रोपं चोळली.

“आई, काय झालं?” सून शाल्मलीने विचारलं.

“तूच बघ.”

शाल्मलीने हुंगलं, मग पान चावलं. चव तीच, कडवट. “सगळी मेथीच आहे की. यंदा तण नाहीच.”

द्वारकाबाई हिरव्या बोटांकडे बघत राहिल्या.

“अगं, या वाफ्यात मी अजून काही पेरलेलंच नाही.”