गावकीची भांडी

हंडा राघोच्या घरी गेला आणि त्याचं झाकण काळुरामच्या. पंढरीच्या वाट्याला भाताचा मोठा टोप आला. तो दारातून आत जाईना, म्हणून त्याने तो अंगणात उपडा घालून त्याखाली कोंबड्या कोंडल्या. कल्याणकडच्या मोहन्याजवळच्या एका गावात गावकीची भांडी अशी घरोघर वाटली गेली आणि ठमाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या तिच्या लेकीची, तुळसाची हळद होती. साऱ्या गावाला जेवायला बोलावलेलं, आणि घरात शिजवायला एकच तपेलं.

हा घोळ घातला होता कॉम्रेड दौलतने. पहिल्या निवडणुकीचे दिवस होते आणि तो कल्याणहून प्रचाराला आला होता. माणूस सरळ, पण बोलायला लागला की आवरत नसे. देवळाच्या माळ्यावर त्याला भांड्यांचा ढीग दिसला. कोणाची म्हणून विचारलं, तर सगळ्यांची. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायची, घासूनपुसून परत ठेवायची. दौलतचा ऊर भरून आला. भर सभेत तो ओरडला, "अरे, तुमच्याकडे कम्युनिझम कधीचाच आलाय!"

गावाची पाचावर धारण बसली. गावचा पुढारी राघो पक्का काँग्रेसवाला. कम्युनिस्ट आले की जमिनी जातात, देव जातात, बायकासुद्धा सामाईक होतात, असं तो छातीठोकपणे सांगायचा. एकही कम्युनिस्ट त्याने तोवर पाहिला नव्हता. असली अवदसा देवळात नको म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याने भांडी वाटली. हंडा अर्थातच स्वतःकडे ठेवला.

ठमाबाई त्याच्या पाया पडली.

"नाय जमणार," राघो म्हणाला. "आज तुला दिला, उद्या दुसऱ्याला. मग तेच झालं ना, कम्युनिझम!"

ठमाबाई तडक दौलतकडे गेली. तो गावातच होता, पत्रकं वाटत.

"कामरेड, तुझ्या कौतुकाने माझ्या पोरीच्या लग्नाचा इस्कोट झाला. आता गावासमोर उभा राहा नि शिव्या घाल."

"कोणाला?"

"भांड्यांना."

दौलत रडकुंडीला आला. ज्या गोष्टीसाठी घरदार सोडलं, ती डोळ्यांनी बघायला मिळाली ती इथेच, आणि तिलाच शिव्या द्यायच्या! पण पोरीचं लग्न होतं. तो देवळाच्या पायरीवर चढला. लोक जमले. डोळे मिटून त्याने सुरुवात केली, "सामाईक भांडी हा मागासलेपणा आहे! आमच्या पक्षाचा याला कडाडून विरोध आहे! ज्याचं भांडं त्याने आपल्याच घरात ठेवावं!"

राघो ताडकन उठून घरी गेला. हंडा डोक्यावर घेऊन आला आणि देवळासमोर दाणकन आदळला.

"हा कोण आमाला शिकवणार?" तो गरजला. "लाल बावट्यावाल्यांच्या नाकावर टिच्चून सांगतो, या गावात जे हाय ते सगळ्यांचं हाय!"