एकेचाळीस पत्रं, एक नाव

सतराव्या पत्रातही तेच नाव निघालं, तेव्हा प्रोग्रामरने चष्मा काढून डोळे चोळले आणि मोजायचं काम कॉम्प्युटरलाच लावलं. एकूण एकेचाळीस. हॉस्पिटलमधून घरी सोडताना रुग्णाच्या हाती जे पत्र देतात, त्यात ‘जवळचे नातेवाईक’ या ओळीवर एकेचाळीस निरनिराळ्या माणसांपुढे एकाच बाईचं नाव आणि एकच फोन नंबर होता.

पत्रं तयार करणारी लायब्ररी, म्हणजे हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला जोडलेला तयार प्रोग्राम, त्यानेच लिहिली होती. काम सरळ. पत्राचा साचा एकदाच लिहायचा आणि जिथे माणसागणिक मजकूर बदलतो, तिथे महिरपी कंसात खूण ठेवायची. लायब्ररी साचा अक्षर न् अक्षर वाचत जाते, कंस दिसला की थांबते, नोंदीतून खरं नाव आणते आणि तिथे बसवते. नोंद रिकामी असली तर मात्र पत्र छापायलाच नकार देते. हा नियम त्याने मुद्दाम घातला होता. अर्धवट पत्र कुणाच्या हाती पडू नये, असं त्याला वाटे.

एका पत्रातलं नाव पुसलं न जाता पुढच्या पत्रांत गळत असणार, असा त्याचा अंदाज होता. दोन दिवस तो त्या गळतीच्या मागे लागला. खोलीत तो एकटाच. जेवणाचं ताटही कीबोर्डशेजारीच. गळती काही सापडेना. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचं लक्ष शेजारच्या रकान्याकडे गेलं. नाव तेच, पण नातं दर पत्रात वेगळं. कुठे बहीण, कुठे मुलगी, कुठे मावशी, एका ठिकाणी तर विहीणबाई. गळून आलेलं नाव असं नाती बदलत नाही.

त्याने तो नंबर लावला.

“बोला, कुणाला काय झालं?” बाईचा आवाज.

त्याने आपण कोण ते सांगितलं. आवाज खरखरीत निघाला; सकाळपासून वापरलाच नव्हता. मग त्याने नाव वाचून दाखवलं.

“अहो, ती मीच! इथे नोंदणीच्या खिडकीवर बसते,” बाई हसली. “ते मशीन तुमचं होय? मग आधी तुमचाच कान धरायला हवा. नातेवाईक रिकामा ठेवला की हटूनच बसतं मेलं. पत्र नाही तर घरी सोडत नाहीत. ज्यांचं कुणीच नाही, त्यांनी काय खाटेवरच म्हातारं व्हायचं? घातलं माझं नाव.”

“आणि नंबरही तुमचाच?”

“मग खोटा घालू की काय? पुन्हा भरती झाले की वॉर्डातून फोन येतात ना. ‘तुमचे वडील जेवत नाहीत.’ ते दुसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. जाते जेवणाच्या सुट्टीत. मध्ये तर गंमतच झाली. नव्वदीच्या एका आजोबांची मी मुलगी, आणि शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर, त्याची मावशी. म्हणजे ते दोघं आजोबा-नातू झाले की हो! आधी एकमेकांकडे पाठ करून पडायचे. मग पत्ते कुटत बसायला लागले.”

तो हसला. मग कामाचं आठवून म्हणाला, “आता त्याची गरज पडणार नाही. मी नियम सैल करतो. नातेवाईक नसला तर ती ओळच छापली जाणार नाही.”

“ओळच नाही?”

“खालची ओळ वर सरकते. मध्ये काही होतं, हे कळतही नाही.”

पलीकडे कागदावर शिक्का उमटल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

“बरं झालं,” बाई म्हणाली. “म्हणजे आता फोनही यायचे नाहीत.”

“संध्याकाळपर्यंत होईल,” एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

बदल दोन ओळींचा होता. त्याने तो केला आणि ज्याचं कुणी नाही अशा एका रुग्णाचं पत्र काढून पाहिलं. पत्र सुबक आलं. पत्त्याखाली थेट औषधांची यादी. मध्ये काही होतं, हे खरंच कळत नव्हतं. मग त्याने दोन्ही ओळी पुसून टाकल्या आणि हॉस्पिटलने केलेल्या चौकशीला उत्तर लिहिलं : लायब्ररीत दोष आढळला नाही.

पाठवण्याआधी एकेचाळीसही पत्रं एकदा नीट वाचावीत, म्हणून तो एकेक उघडत गेला. शेवटच्या पत्राशी थांबला. गेल्या हिवाळ्यातलं पत्र. ॲपेंडिक्सचं ऑपरेशन, मुक्काम चार दिवस. रुग्णाच्या जागी जे नाव, तेच नातेवाइकाच्या जागी. पुढे नातं : स्वतः.

त्याने पुन्हा नंबर लावला.

“आता काय राहिलं?”

“एका नोंदीत नातं चुकलंय. ॲपेंडिक्सवाल्या.”

शिक्क्यांचा आवाज थांबला.

“त्या जागी ‘स्वतः’ चालत नाही,” तो म्हणाला.

“तेव्हा तर चाललं. छापलं की पत्र तुमच्या मशीनने, मुकाट्याने.”

“आता नाही चालत. नियम बदललाय.” फोन खांद्याशी दाबून धरून तो बोलता बोलता तो नियम लिहीत होता. रुग्ण आणि नातेवाईक एकच असतील, तर थांब.

“मोठे आले नियमवाले!” बाई म्हणाली. मग हलक्या आवाजात, “मग कुणाचं लिहू?”

त्याने कीबोर्डवरून हात काढले आणि फोन हातात घेऊन नीट कानाला लावला. “माझा नंबर लिहून घ्या,” तो म्हणाला.